अध्यक्षांनी भाषण करावं की कागद पाठवावा?

गेल्या महिन्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती तिथल्या एका महिला संस्थेची नवीन अध्यक्ष झालीय आणि वार्षिक सभा तोंडावर आलीय. म्हणाली, दादा, आमच्याकडे अध्यक्षांनी उभं राहून वर्षाचं भाषण करायची पद्धत आहे पण मला ते नको वाटतंय, त्याऐवजी दुसरं काय करता येईल? मी म्हटलं जरा थांब, नीट लिहून सांगतो, कारण ह्याच प्रश्नात मी स्वतः सहा वर्षं काढलीत. आमच्या तालुक्यातल्या एका मराठी वाचनालयाचा मी तेवढी वर्षं अध्यक्ष होतो आणि जवळजवळ सगळे प्रकार करून बघितले.

आणि हा प्रश्न फक्त आपल्या गावच्या संस्थांचा नाही. अमेरिकेचा अध्यक्ष दरवर्षी काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, जे 'स्टेट ऑफ द युनियन' भाषण करतो, त्याबद्दल तिथेही हाच वाद सारखा वर येतो, की हे भाषण हवंच कशाला, लिहून पाठवलं तर काय बिघडतं. ते भाषण मी बरीच वर्षं बघत आलोय. तिथले रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, हॉर्न वाजवत येऊन गेलेला असतो, मी चहा-उंडे घेऊन मोबाईल लावून बसतो. त्यामुळे तिकडचं आणि इकडचं दोन्ही एकत्रच लिहितो, माझ्या डोक्यात ते वेगळं राहिलेलंच नाही.

आधी एक गोष्ट. अमेरिकेच्या घटनेत अध्यक्षाने भाषण करावं असं कुठेच म्हटलेलं नाही. दुसऱ्या कलमाच्या तिसऱ्या भागात एवढंच आहे की त्याने वेळोवेळी काँग्रेसला देशाच्या स्थितीची माहिती द्यावी आणि योग्य वाटतील ते उपाय सुचवावेत. वर्षातून एकदा, उभं राहून, सगळ्यांसमोर, हे सगळं नंतरच्या पद्धतीने आलं. आपल्या संस्थांचंही तसंच, बायलॉज काढून बघा, बहुतेक ठिकाणी अहवाल मांडावा एवढंच असतं. म्हणजे पद्धत मोडली तर नियम मोडत नाही. हे मला कळायलाच दोन वर्षं गेली, म्हणून पहिल्यांदा सांगितलं.

आता भाषणाची बाजू. भाषणात ताकद आहे हे मी मनापासून मान्य करतो. पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी ८ जानेवारी १७९० ला न्यूयॉर्कमध्ये पहिलं भाषण केलं ते जेमतेम हजारभर शब्दांचं होतं, आजच्या हिशेबात दहा मिनिटं पण नाहीत. रूझवेल्ट यांनी १९४१ च्या जानेवारीत चार स्वातंत्र्यांची कल्पना मांडली ती ह्याच भाषणात, जॉन्सन यांनी १९६४ मध्ये गरिबीविरुद्ध लढाई पुकारली ती पण ह्यातच. माणूस समोर उभा राहून बोलतो तेव्हा शब्दांना वजन येतं, ते कागदावर येत नाही. आमच्या वाचनालयात एक आजी होत्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना बारीक अक्षर वाचता यायचं नाही, त्या पहिल्या ओळीत बसून माझं भाषण अगदी कान देऊन ऐकायच्या आणि मग घरी जाऊन सुनेला सगळं सांगायच्या. त्यांच्यासाठी भाषण हाच अहवाल होता. शिवाय वर्षातून एकदा सगळे एका छताखाली येतात, ही गोष्ट छोट्या गावात लहान नाही.

पण मग टाळ्या. माझा निर्णय ह्या एका गोष्टीने झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेचं भाषण बघताना पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात येतं की दर दोन-तीन वाक्यांनी टाळ्या होतात. एका पक्षाचे सगळे उभे राहतात, दुसऱ्या पक्षाचे बसून राहतात, मागे बसलेले उपाध्यक्ष उभे आणि शेजारचे स्पीकर बसलेले असं पण कितीदा दिसतं. क्लिंटन यांचं २००० सालचं भाषण जवळजवळ दीड तास चाललं होतं, त्यातला बराच वेळ टाळ्यांचा. आणि एकदा टाळ्यांची सवय झाली की भाषण लिहिणारा पण टाळ्यांसाठीच वाक्य लिहायला लागतो, वाक्याचा शेवट चढा ठेवतो, अवघड गोष्ट मधे कुठेतरी घालतो. हे मी दुसऱ्याबद्दल बोलत नाहीये, मी स्वतः तेच केलंय.

माझ्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. त्या पावसाळ्यात वाचनालयाच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आली आणि दोन कपाटांतली पुस्तकं वाळवीने खाल्ली. त्यात जुने बांधून ठेवलेले दिवाळी अंक होते, आणि गावातल्या एका वारलेल्या शिक्षकांच्या घरच्यांनी दिलेला अख्खा संग्रह होता. कपाट उघडलं तेव्हा पुस्तकं बाहेरून धड दिसत होती, हात लावला तर आत माती. हे सभेला सांगणं भागच होतं. मी भाषणात वाक्य असं केलं, की पावसात दोन कपाटांचं नुकसान झालं पण आनंदाची गोष्ट म्हणजे मुलांच्या विभागासाठी आपल्याला चांगली देणगी मिळालीय. देणगी शब्द आला आणि टाळ्या. चांगल्या जोरात, दोन-तीन ओळी तर उठून उभ्या. मी पुढच्या मुद्द्यावर गेलो.

सभा संपली, चहा झाला, लोक गेले. एकानेही विचारलं नाही की कुठली कपाटं, किती पुस्तकं, आता काय करायचं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं हे खरं सांगतो. पुढच्या पावसाळ्यात तिसरं कपाट गेलं. मग मी आमच्या एका जुन्या सभासदांकडे गेलो, निवृत्त मास्तर, त्यांना म्हटलं मास्तर, तुम्ही सभेत होता, तुम्ही तरी विचारायचं. ते म्हणाले, कपाटांचं तू बोललास? मला ऐकूच आलं नाही, टाळ्या चालू होत्या. तेव्हा मी त्यांच्या सोप्यावर बसलो होतो आणि मला खूप लागलं ते. माहिती दिली असं माझं समाधान झालं होतं, आणि माहिती पोचलीच नव्हती. टाळी वाजवणाऱ्याची काही चूक नाही, चांगल्या गोष्टीला तो टाळी देणारच, पण भाषण हा प्रकारच असा आहे की ऐकणाऱ्याला मधेच थांब म्हणता येत नाही, वाक्य मागे घेऊन परत ऐकता येत नाही, आणि प्रश्न डोक्यात येईपर्यंत बोलणारा तीन मुद्दे पुढे गेलेला असतो.

म्हणून तिसऱ्या वर्षी मी भाषण बंद केलं आणि सभेच्या सात दिवस आधी चार पानं लिहून प्रत्येक सभासदाच्या घरी पाठवली, काहींना व्हॉट्सॲपवर पीडीएफ.

इथे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष जेफरसन यांचं नाव घ्यायलाच हवं. १८०१ मध्ये त्यांनी काँग्रेससमोर जाऊन बोलायची पद्धत थांबवली आणि संदेश लिहून पाठवला. एक कारण सगळे सांगतात, की राजा सिंहासनावरून भाषण करतो तसा हा प्रकार त्यांना वाटायचा, आणि ते बोलायला फारसे उत्सुक नव्हते हे पण खरं. पण त्यांनी संदेशासोबत जी चिठ्ठी पाठवली तिच्यातलं कारण मला जास्त पटतं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की ह्यात सभासदांची सोय आहे, त्यांचा वेळ वाचतो, आणि जे विषय अजून नीट त्यांच्यासमोर आलेलेच नाहीत त्यांच्यावर लगेच उत्तर द्यायच्या अडचणीतून ते सुटतात. त्याआधी व्हायचं असं की अध्यक्षाचं भाषण झालं की दोन्ही सभागृहं त्याला औपचारिक उत्तर लिहीत बसायची, त्या उत्तराच्या शब्दांवर वाद घालायची आणि मग ते उत्तर घेऊन अध्यक्षाकडे जायची. त्यात दिवसच्या दिवस जायचे. जेफरसननंतर शंभरावर वर्षं, म्हणजे १९१३ मध्ये विल्सन परत स्वतः जाऊन बोलले तोपर्यंत, एकाही अध्यक्षाने हे वार्षिक भाषण तोंडी केलं नाही. युरोपने अमेरिका खंडांत लुडबूड करू नये असं सांगणारं मन्रो यांचं १८२३ चं जे धोरण जगभर शाळेत शिकवतात ते असल्याच एका लेखी संदेशातलं. लिंकन यांचा १८६२ चा डिसेंबरचा संदेश, ज्याच्यातली वाक्यं आजही लोक भाषणांत वापरतात, तो पण कागदच, सभागृहात कारकुनाने वाचून दाखवलेला. तेव्हा कागदाला ताकद नाही असं कोणी म्हणालं तर मला ते पूर्ण पटत नाही.

लेखीचे तोटे मात्र आहेत आणि ते लपवायचे नाहीत. लिहायला बसलं की माणूस थांबत नाही. एकोणिसाव्या शतकात हे संदेश फुगत फुगत वेगवेगळ्या खात्यांच्या अहवालांची मोळी होऊन बसले. कार्टर यांनी जाता जाता १९८१ च्या जानेवारीत जो लेखी संदेश पाठवला तो ३३,६६७ शब्दांचा, ह्या प्रकारातला सगळ्यात लांब, आणि त्यातलं एक वाक्य सांगा म्हटलं तर कोणाला सांगता येणार नाही. निक्सन यांनी १९७३ मध्ये एका भाषणाऐवजी विषयवार वेगवेगळे लेखी संदेश पाठवले. मला ती कल्पना वाईट वाटत नाही, पण सभासदांचा विचार केला तर एवढं वाचणार कोण. आमच्याकडे पण सगळ्यांनी चार पानं वाचली असं मी म्हणणार नाही. काहींच्या घरी ती पानं तशीच घडी घालून टीव्हीच्या बाजूला पडलेली मी स्वतः बघितलीत. त्या आजींना मी घरी जाऊन वाचून दाखवली, ते एका घराला जमतं, दोनशे घरांना जमणार नाही.

पण मास्तरांची प्रत परत आली. चौथ्या दिवशी ते स्वतः वाचनालयात येऊन माझ्या टेबलावर ठेवून गेले. चारही पानांच्या समासात बारीक अक्षरात पेन्सिलीने प्रश्न. वाळवीच्या परिच्छेदाखाली जाड रेघ आणि बाजूला लिहिलेलं, कपाटं भिंतीपासून किती लांब आहेत? त्याच्याखाली, भिंतीला बाहेरून माती कुठपर्यंत आलीय? हे दोन प्रश्न मला तीन पावसाळ्यांत सुचले नव्हते. मी जाऊन बघितलं तर कपाटं भिंतीला अगदी टेकलेली होती आणि बाहेरून बागेची माती खिडकीच्या खाली हातभर चढलेली. आम्ही माती काढली, कपाटं भिंतीपासून ओढून पुढे घेतली, पायांखाली चिरे घातले. त्यानंतर माझ्या कारकिर्दीत तरी एक पुस्तक गेलं नाही. एका अनुभवावरून सगळं ठरवू नये हे कळतं मला, तुमच्याकडे असे मास्तर नसतील तर कागद पाठवून पण काही होणार नाही. पण कागदामुळे त्या माणसाला पेन्सिल चालवायला जागा मिळाली, भाषणात ती कुठून मिळणार होती.

प्रश्नोत्तरांचा पर्याय लोकांना सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो जिवंत वाटतो. ब्रिटनमध्ये पंतप्रधानाला बुधवारी दुपारी अर्धा तास सभासदांचे प्रश्न घ्यावे लागतात, १९६१ पासून आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं होती ती ब्लेअर यांनी १९९७ मध्ये एकत्र करून एकदाच केली. अमेरिकेत पण हे आणावं असं बऱ्याच जणांनी म्हणून झालंय, रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी २००८ च्या प्रचारात तसं वचन दिलं होतं. ओबामा २९ जानेवारी २०१० ला बाल्टिमोरला विरोधी रिपब्लिकन सभासदांच्या बैठकीत गेले आणि कॅमेऱ्यासमोर तासाहून जास्त वेळ त्यांचे प्रश्न घेत उभे राहिले, ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे की दोनच दिवसांपूर्वीच्या वार्षिक भाषणापेक्षा त्यात कितीतरी जास्त कळलं. मला ते परत परत बघावंसं वाटतं. आणि आपल्या गोव्याच्या माणसाला प्रश्न विचारणं शिकवावं लागत नाही, कुठल्याही रविवारच्या ग्रामसभेला जाऊन बसा.

म्हणून चौथ्या वर्षी मी फक्त प्रश्न ठेवले. ना भाषण, ना कागद, एक तास विचारा काय ते. आणि तो तास मला जमला नाही. दोघा-तिघांनी चाळीस मिनिटं घेतली, त्यातला एक प्रश्न तर प्रश्न नव्हताच, जुनं भांडण होतं. मागच्या ओळीतल्या बायका, ज्या खरं म्हणजे सगळ्यात जास्त पुस्तकं नेतात, त्यातली एक पण बोलली नाही, नंतर बाहेर चपला घालताना मला एकीने हळूच सांगितलं की मुलांच्या विभागाची वेळ बदला, शाळा सुटायच्या आधीच बंद होतो. आणि हॉलच्या भाड्याचा आकडा कोणी विचारला तो मी आठवणीवर सांगितला, तो चुकीचा निघाला. पुढचे आठ दिवस तो चुकीचा आकडाच गावात फिरत होता. तेव्हा मला जेफरसन यांची ती लगेच उत्तर द्यायच्या अडचणीची गोष्ट आठवली, फक्त इथे अडकलो होतो मी, विचारणारे नाहीत. लंडनचं ते बुधवारचं बघताना पण मला तेच दिसतं, आरडाओरडा एवढा की उत्तरापेक्षा टोमणा लक्षात राहतो.

पर्वरीच्या आपल्या विधानसभेचा अनुभव ह्याच्या उलट बाजूने बोलतो. तारांकित प्रश्नांवर सभागृहात जी खडाजंगी होते ती संध्याकाळी टीव्हीवर दिसते, पण दुसऱ्या दिवसाचा पेपर उघडा, अमुक इतकी पदं रिक्त, तमुक रस्त्यावर इतका खर्च, ह्या ज्या ठोस बातम्या असतात त्यातल्या कितीतरी 'लेखी उत्तरात म्हटले आहे' अशाच असतात. एलएक्यूला, म्हणजे आमदारांनी विचारलेल्या प्रश्नाला, जोडून दिलेल्या तक्त्यांमधून पत्रकार त्या काढतात. म्हणजे प्रश्न हवाच, पण उत्तर कागदावर असलं की ते टिकतं.

आपल्या देशातली अध्यक्षीय भाषणाची पद्धत थोडक्यात घेतो, कारण तिची अडचण वेगळी आहे. कलम ८७ प्रमाणे राष्ट्रपती वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला अभिभाषण करतात, मुळात ते प्रत्येक अधिवेशनाला होतं, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कमी केलं. राज्यात कलम १७६ प्रमाणे राज्यपाल. मजकूर सरकारचा असतो, वाचणारा वेगळा. त्यामुळे वाचणाऱ्याला पटलं नाही की पंचाईत होते. तामिळनाडूत जानेवारी २०२३ मध्ये राज्यपालांनी काही भाग गाळला आणि शेवटी सभागृह सोडून गेले, केरळात जानेवारी २०२४ मध्ये राज्यपालांनी फक्त शेवटचा परिच्छेद वाचला, दोन मिनिटं पण लागली नाहीत. आणि तरी केरळात पुढे चर्चा झाली ती छापलेल्या पूर्ण अभिभाषणावरच. ते बघून मला वाटलं, मग खरा दस्तऐवज कागदच होता की. आभार प्रस्तावावरची चर्चा मात्र मला आवडते, ती भाषणापेक्षा खूप चांगली गोष्ट आहे, अमेरिकेत तशी काही सोय नाही. तिथे १९६६ पासून विरोधी पक्ष टीव्हीवर वेगळं उत्तर देतो, पण ते बहुतेक वेळा रिकाम्या खोलीत कॅमेऱ्याकडे बघून.

थेट लोकांशी बोलायचा मार्ग पण आहेच. रूझवेल्ट १२ मार्च १९३३ च्या रविवारी रात्री रेडिओवर बोलले, बँका का बंद आहेत आणि उद्यापासून कशा उघडणार हे साध्या भाषेत सांगितलं, आणि लोकांनी घरात लपवलेले पैसे परत बँकेत आणून भरले. असली तीसेक भाषणं त्यांनी केली. १९४४ च्या जानेवारीत ते आजारी होते तर काँग्रेसला संदेश लिहून पाठवला आणि रात्री तोच रेडिओवर वाचला. दोन्ही हातांनी काम, मला हे फार आवडतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०१४ पासून 'मन की बात' महिन्याला असतं. मी पण पाचव्या वर्षी महिन्याला एक व्हॉइस मेसेज ग्रुपवर टाकून बघितला. दुबईला असलेला एक सभासद आणि बोटीवर काम करणारा एक मुलगा, दोघांनी आवर्जून कळवलं की आवाज ऐकून गावात असल्यासारखं वाटलं. त्या आजींना पण ते भाषणापेक्षा बरं पडलं, सून फोन लावून द्यायची. पण बाकीच्यांकडून काय आलं तर अंगठे. छप्पराची दुरुस्ती लांबली असं सांगितलं तरी अंगठा, नवीन पुस्तकं आली तरी अंगठा. मला परत त्या टाळ्याच ऐकू यायला लागल्या. आणि ह्या प्रकारात अजून एक गोष्ट खटकते, ज्यांना हिशेब विचारायचा हक्क आहे ती समितीच बाजूला पडते. कायदेमंडळाला वगळून लोकांशी बोलणं ही माहिती देणं असेल, पण ते कायदेमंडळाला माहिती देणं नव्हे.

आता मेक्सिको. हे उदाहरण आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तेच आहे. तिथे १ सप्टेंबरला अध्यक्ष काँग्रेससमोर वार्षिक अहवालाचं भाषण करायचा, एवढा थाट की त्याला लोक अध्यक्षाचा दिवसच म्हणायचे. १९८८ मध्ये पहिल्यांदा विरोधी सभासदाने भर भाषणात उठून अडवलं, मग दरवर्षी गोंधळ वाढत गेला, आणि २००६ मध्ये विरोधकांनी व्यासपीठच अडवलं तेव्हा अध्यक्ष फॉक्स ह्यांनी लेखी अहवाल दारातच दिला आणि भाषण न करता निघून गेले. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, मेक्सिकोने घटनाच बदलली. आता अध्यक्षाने अहवाल लेखी द्यायचा, स्वतः यायची सक्ती नाही, दोन्ही सभागृहांनी तो तपासायचा, कमी वाटलं तर अध्यक्षाला लेखी प्रश्न पाठवून जास्त माहिती मागायची, आणि मंत्र्यांना बोलावून खरं सांगायच्या शपथेवर विचारायचं. अध्यक्ष लोक त्या सुमारास बाहेर स्वतःचं वेगळं भाषण करतातच, ते काही थांबलेलं नाही. पण कायदेमंडळाच्या आत कागद आधी, प्रश्न नंतर, हा क्रम लागला. फ्रान्समध्ये पण १८७३ पासून २००८ पर्यंत अध्यक्षाला संसदेत जाऊन बोलायला बंदीच होती, त्याने संदेश पाठवायचा आणि दुसऱ्याने तो वाचायचा, मग २००८ मध्ये दार उघडलं आणि २००९ च्या जूनमध्ये अध्यक्ष सार्कोझी व्हर्सायला जाऊन बोलले. एकाच वर्षी दोन देश उलट दिशांनी गेले. तेव्हा एकच बरोबर असं मी ठामपणे म्हणत नाही, प्रत्येक घराची सवय वेगळी.

तरी मला विचाराल तर सहाव्या वर्षी मी जे केलं ते सांगतो. चार पानांऐवजी दोन पानं, मोठ्या अक्षरात. पहिल्याच परिच्छेदात वाईट बातमी, तिच्या शेजारी एक पण चांगलं वाक्य ठेवायचं नाही. सभेच्या दहा दिवस आधी घरोघरी. उजवीकडे रुंद समास कोरा. प्रश्न लिहून दारातल्या पेटीत टाकायचे, नाव घातलं तरी चालेल नाही घातलं तरी चालेल. सभेच्या दिवशी मी उभा राहून फक्त त्या प्रश्नांची उत्तरं वाचली, आकडे बघून, आणि मग ज्यांना उलट विचारायचं होतं त्यांनी विचारलं. मागच्या ओळीतल्या बायकांच्या चिठ्ठ्या त्या वर्षी सगळ्यात जास्त होत्या. मुलांच्या विभागाची वेळ तेव्हाच बदलली, आता तो संध्याकाळी साडेसहापर्यंत उघडा असतो. टाळ्या एकदाच झाल्या, शेवटी, आभाराच्या वेळी.

भाषणाची मजा गेली असं काही जण म्हणाले आणि त्यांचं चुकीचं नाही. वर्षातून एकदा अध्यक्षाचं तोंड बघायचं, दोन चांगली वाक्यं ऐकून घरी जायचं, ह्यात पण माणसाला आधार असतो. आता मैत्रिणी, तुझ्यापुरतं सांगतो. तुझ्या संस्थेत बहुतेक बायका वाचणाऱ्या नसतील, किंवा पहिलंच वर्ष आहे म्हणून सगळ्यांना तुझा आवाज ऐकायचा असेल, तर ह्या वर्षी भाषण कर, पाच मिनिटांचं कर, वॉशिंग्टन यांनी केलं त्याच्याहून लांब नको. पण त्याच्याआधी दोन पानं जाऊ देत. आणि कर्ज थकल्याची जी गोष्ट तू मला फोनवर सांगितलीस ती भाषणात ठेवू नकोस, पानावर ठेव, अगदी वर. सभेत टाळ्यांमधे ती हरवली तर पुढच्या वर्षी ती दुप्पट होऊन समोर येईल, माझं तिसरं कपाट तसंच गेलं.

मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची ती पेन्सिलीची प्रत वाचनालयात माझ्या जुन्या टेबलाच्या खणात आहे, नवीन अध्यक्षांना सांगून ठेवलंय फेकू नका म्हणून. वाळपईहून सकाळच्या कदंबा बसने निघालीस तर दहापर्यंत पोचशील, येऊन बघून जा, समास किती रुंद ठेवायचा ते त्यावरून कळेल.